खडू, फळा आणि ब्रेकची किंचाळी

फळ्यावर लिहिताना खडू किंचाळला की मास्तर नवा खडू मागवत नसत. हातातलाच मोडून अर्धा करत, किंवा बोटं थोडी खाली सरकवून तो वेगळ्या कोनात धरत, आणि वर्गाच्या अंगावरचा काटा उतरत असे. खडू तोच, फळा तोच. बदललेली असे ती फक्त लांबी आणि पकड. मोटारीचा ब्रेक दाबल्यावर येणाऱ्या कर्कश आवाजाचं कोडं बऱ्याच अंशी या साध्या कृतीत सुटतं. आपल्याकडे मात्र ब्रेक किंचाळू लागला की पहिला आणि बहुधा शेवटचा उपाय म्हणजे पॅड बदलणं. नवे पॅड बसतात, काही दिवस शांततेत जातात, आणि एखाद्या दमट सकाळी सिग्नलला गाडी थांबताना तोच आवाज परत येतो. मग पॅड डुप्लिकेट होते असा निष्कर्ष निघतो, किंवा या मॉडेलला हा आजारच आहे अशी समजूत करून घेतली जाते. माझं म्हणणं असं की ही किंचाळी एकट्या पॅडची जवळपास कधीच नसते. पॅड, डिस्क, पॅडला डिस्कवर दाबणारा कॅलिपर आणि या सगळ्यांना जागेवर धरून ठेवणाऱ्या पिना, पट्ट्या, चकत्या यांच्या जोडणीचा तो आवाज असतो. म्हणून त्याचा शोध कानाने आणि डोळ्याने घरच्या अंगणातही घेता येतो, आणि इलाज पुष्कळदा विकत घेण्यापेक्षा साफ करण्यात आणि मोकळं करण्यात असतो.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. माणसांसकट हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्या गतीत सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. साधं पाऊण लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ही ऊर्जा. गाडी थांबवायची म्हणजे एवढी उष्णता काही सेकंदांत चाकांजवळच्या लोखंडात घालायची, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. पॅड डिस्कवर एकसारखा सरकत राहिला तर फक्त उष्णता निर्माण होते. पण पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडू लागलं की पॅड, कॅलिपर आणि डिस्क मिळून थरथरतात. सारंगीचा गज तारेवरून फिरतो तेव्हा हेच होतं. फक्त तिथे ते हवंहवंसं असतं. डिस्क ही ओतीव लोखंडाची मोठी थाळी. तिला कंप सुटला की ती झांजेसारखी वाजते. या आवाजाची कंपनसंख्या सर्वसाधारणपणे सेकंदाला एक हजार ते सोळा हजारांच्या दरम्यान असते, आणि माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात. त्यामुळे ब्रेकमधल्या ऊर्जेचा अगदी नगण्य कण आवाजात गेला तरी चौकातले लोक वळून पाहतात. आवाजाच्या मोठेपणावरून दोषाचं मोठेपण ठरवता येत नाही, हा धडा इथेच घ्यायला हवा. कानठळ्या बसवणारी किंचाळी पुष्कळदा निरुपद्रवी असते, आणि काचा वर करून गाणी लावली की ऐकूही न येणारी हलकी खरखर गंभीर असू शकते.

हे कोडं नवं नाही. इंग्लंडमधले अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, आणि धातूवर धातू घासल्याचा आवाज ही त्या रचनेची पहिली अडचण ठरली. डर्बीशायरमधल्या हर्बर्ट फ्रूड यांनी घर्षणाच्या अस्तरांचा उद्योग उभा केला, त्यात पुढे अ‍ॅस्बेस्टॉस आलं, आणि ब्रेक शांत व्हायला त्यामुळे मोठी मदत झाली. १९५३ साली ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर बाजी मारल्यावर ही रचना हळूहळू घरगुती मोटारींत उतरली, आणि आवाजही तिच्याबरोबर आला. संशोधकांमध्ये एच. आर. मिल्स यांनी १९३८ मध्ये या आवाजाचा संबंध घर्षणाच्या एका स्वभावाशी जोडला: सरकण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होतं, वेग उतरला की वाढतं, आणि या चढउतारातून कंप सुरू होतो. गाडी थांबायच्या बेतात असतानाच किंचाळी का फुटते, हे त्यातून समजतं. पण सगळं समजत नाही. एकाच कारखान्यातले, एकाच घाण्याचे पॅड एका गाडीवर गप्प आणि दुसरीवर किंचाळणारे का? आर. टी. स्पर यांनी १९६१ साली त्याचं उत्तर रचनेच्या भूमितीत शोधलं. घर्षणाचा स्वभाव अजिबात न बदलताही, तिरक्या टेकूसारखा एखादा भाग सरकत्या पृष्ठभागात रुतत आणि सुटत राहिला तर कंप होतो, असं त्यांनी मांडलं. खडू पुढे ढकलत रेघ ओढली तर तो किंचाळतो आणि मागे ओढत नेला तर बहुधा गप्प राहतो, ते यामुळेच. पुढच्या अभ्यासकांनी डिस्क आणि पॅड यांची स्वतंत्र कंपनं एकमेकांत कशी गुंततात ते गणिताने दाखवलं. या सगळ्या वाटचालीचा माझ्या दृष्टीने अर्थ एकच: दोषी पदार्थ शोधत बसण्यापेक्षा जोडणीकडे पाहावं.

पदार्थाला महत्त्व नाही असं मात्र नाही. अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसाला घातक ठरल्यावर मोटारींच्या पॅडमधून ते जाऊ लागलं. त्या जागी लोखंडाचा कीस, तांबं, तंतू, राळ, ग्रॅफाइट अशी मिश्रणं आली. मग तांब्याचीही पाळी आली. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून पॅडमधल्या तांब्याचं प्रमाण २०२१ पर्यंत पाच टक्क्यांवर आणि २०२५ पर्यंत अर्ध्या टक्क्यावर आणायचं ठरवलं, कारण ते रस्त्यावरून वाहत जाऊन पाण्यातल्या जीवांना मारतं. प्रत्येक वेळी कृती बदलली की गप्प राहण्याचं गणित पुन्हा मांडावं लागतं. विजेच्या मोटारींनी त्यात भर घातली. मोटर स्वतःच गाडीचा वेग उतरवते, त्यामुळे डिस्कवर पॅड कमी वेळा घासतो, गंज साचतो. आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे जी कुरकुर पूर्वी झाकली जायची ती आता लख्ख ऐकू येते.

तर निदान कानापासून सुरू करावं, आणि पहिला प्रश्न: आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही? हा एक प्रश्न अर्धं काम करतो. गाडी चालत असताना सतत बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, ब्रेक दाबल्यावर तो बदलत किंवा थांबत असेल, तर पॅडला लावलेली पोलादी पट्टी बोलते आहे असं धरावं. पॅड संपत आला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि मुद्दाम ओरडते. ती त्यासाठीच बसवलेली असते. चाकाच्या फेऱ्याबरोबर पत्रा घासल्यासारखी खर्रखर्र येत असेल, तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. खडीच्या रस्त्यावरून आल्यानंतर हे नेहमी होतं. दाबल्यावर लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा जाड आवाज येत असेल, तर अस्तर संपून मागची पोलादी पाठ डिस्क खाते आहे, आणि तिथे निदान संपतं: गाडी चालवू नये. दुसरा प्रश्न वेळेचा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज चढलेला असतो. पहिले पाचसहा ब्रेक कुरकुरतात, गंज घासला जातो आणि आवाज जातो. याला दोष म्हणू नये. ओतीव लोखंड पाण्यात असंच वागतं. याउलट गाडी गार असताना शांत आणि घाट उतरून खाली आल्यावर किंचाळणारी असेल, तर पॅडच्या तोंडावर काचेसारखा चकचकीत थर आला असावा. आंबोली किंवा वरंधा घाट वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्या गाडीच्या पॅडमधली राळ तापून असा थर धरते. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. तो सल्ला इंजिनाला ब्रेकचं ओझं वाटून घ्यायला लावतो.

तिसरा प्रश्न बाजूचा. लांबलचक कंपाउंडच्या भिंतीला समांतर, काच खाली करून, पायी चालण्याच्या वेगाने गाडी न्यावी आणि हलका ब्रेक दाबावा. मग उलट फिरून दुसरी बाजू भिंतीकडे करावी. भिंत आवाज परत फेकते आणि कोणतं चाक बोलतं ते बहुतेक वेळा कळतं. रिव्हर्समध्येही हे करून पाहावं. आवाज फक्त एकाच दिशेला येत असेल, तर स्परच्या तिरक्या टेकूची आठवण ठेवावी: पॅड त्याच्या खाचेत हलतो आहे, त्याच्या पट्ट्या सैल आहेत किंवा गंजल्या आहेत, असा तो पुरावा. याच फेरीत हात आणि पायही कामाला लावावेत. स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का, पेडल मऊ लागतं किंवा खोल जातं का, दहा मिनिटं चालवून थांबल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं असतं का. तापलेल्या चाकाला हात लावू नये, जवळ तळवा धरला तरी फरक कळतो. यांतलं काहीही असेल तर आवाज दुय्यम आहे, आणि घरगुती उपायांचा विषय तिथेच सोडून मेकॅनिककडे जावं.

आता डोळ्याचं काम, आणि इथे एक फसगत ठरलेली. अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅड बघितला, जाड दिसला आणि समाधान झालं, असं होतं. पण त्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. छोट्या मोटारींत पिस्टन आतल्या बाजूला असतो आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दाबतो. पिना गंजून किंवा ग्रीस वाळून अडकल्या की बाहेरचा पॅड नीट दाबला जात नाही. आतला एकटा झिजतो. बाहेरचा अर्ध्यावर आणि आतला संपलेला, ही जोडी चाक काढल्याशिवाय दिसत नाही. आणखी एक साक्षीदार बॉनेटखाली असतो. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी हळूहळू उतरते. ती उतरलेली पाहून वरून ऑइल ओतणं म्हणजे हा पुरावा पुसणं होय. आधी पॅड पाहावेत, मग ऑइल; पातळी झपाट्याने उतरत असेल तर गळती आहे आणि गाडी हलवू नये.

चाक काढताना घाई करू नये. जमीन सपाट आणि कडक हवी. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर काम करू नये, खाली स्टँड ठेवावा आणि गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. ब्रेकची धूळ फुंकू नये, कंप्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावी आणि तोंडाला मास्क असावा. नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा-बारा मिलीमीटर असतं. ते तीनवर आलं की बदलायची वेळ झाली असं मानायला हरकत नाही. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते. डिस्कची किमान जाडी पुष्कळदा डिस्कवरच कोरलेली असते. डिस्कच्या काठाला नखाला अडेल अशी कड, खोल चरे, निळसर डाग, बारीक तडे हे सगळं नोंदवावं.

दुरुस्तीची खरी मेहनत आहे ती इथे, आणि गॅरेजमध्ये घाईच्या दिवशी नेमकी हीच गाळली जाते. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर फिरवला की पॅड निघतात. कॅलिपर पूर्ण काढावा लागलाच तर तो रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा, पोलादी पट्ट्या ताणहीन झाल्या असतील तर नव्या घालाव्यात. पिना बाहेर काढून पुसाव्यात, आणि ब्रेकसाठी म्हणून मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावावं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबरी टोप्या फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. पॅडच्या पाठीवर पातळ चकती असते, तिला शिम म्हणतात. रबर किंवा चिकट थर असलेली ही चकती पॅडची थरथर पिस्टनपर्यंत जाऊ देत नाही. जुनी काढताना ती फेकली गेली आणि नवी आलीच नाही, हे नव्या पॅडच्या किंचाळीचं एक अतिशय सामान्य कारण. पाठीला, जिथे पिस्टन टेकतो तिथे, हलक्या हातानेच ब्रेकचं ग्रीस लावावं. तोंडावर चकाकी आली असेल आणि जाडी पुरेशी असेल, तर काचपेपरवर पॅड हलका घासता येतो. चांगल्या पॅडच्या दोन्ही टोकांना उतरता काप दिलेला असतो, तो मोडलेल्या खडूसारखाच: रुतणारी धार काढून टाकायची आणि कंपनाची लांबी बदलायची. नवा पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. तेव्हा डब्याचं झाकण उघडं ठेवावं आणि ऑइल उतू जात नाही ना ते पाहावं, कारण सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं. चाक लावताना नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत. लहान मोटारींत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा जोर सांगितलेला असतो. लांब पाईप लावून, उभं राहून आवळलेले नट डिस्कला वाकवू शकतात, आणि केसाएवढा वाकसुद्धा पुढे थरथर होऊन परततो.

तेल, साबण, मेण, किंवा गंज सोडवणारा स्प्रे पॅडच्या तोंडावर मारून आवाज घालवण्याच्या युक्तीबद्दल स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. आवाज नक्की जातो, कारण घर्षण जातं. तोंडावर तेल प्यायलेला पॅड घासून परत भरवशाचा होत नाही. तो टाकावा लागतो, दोन्ही बाजूंचा. गरम डिस्कवर गार पाणी मारणं हाही तसाच घातक खेळ, त्याने डिस्क वाकू शकते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ब्रेक हा जिवाशी संबंधित भाग, त्याला घरी हात लावूच नये. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. ब्रेक ऑइलची नळी उघडणं, हवा काढणं, पिस्टनची सीलं, एबीएसचे भाग, विजेवर चालणारा हँडब्रेक ही कामं अनुभव आणि हत्यारं नसताना करू नयेतच. पण पाहणं आणि ऐकणं हा त्या कामांचा भाग नाही. आतला पॅड संपलाय हे ज्याला माहीत नाही तो जास्त धोक्यात आहे. दुसरा आक्षेप वेळेचा आणि मजुरीचा: एवढी खटपट करण्यापेक्षा पॅड बदलून मोकळं व्हावं. पण पिना अडकलेल्या असतील तर नवा आतला पॅडही तसाच एकटा झिजणार. मोकळं होणं तेवढ्यापुरतं. आणखी एक म्हणणं असं की महागडे सिरॅमिक पॅड घातले की प्रश्न मिटतो. ते बहुतेक वेळा शांत असतात हे खरं, परंतु गंजलेल्या खाचेत बसवलेला उत्तम पॅडही गंजलेल्या खाचेतच हलतो. आणि आवाज निरुपद्रवी असेल तर शोधायचाच कशाला, हा प्रश्न उरतो. निरुपद्रवी आहे हे शोधल्यानंतर कळतं, आधी नाही.

मागच्या चाकांना ड्रम असलेल्या गाड्यांत धूळ आतच साचते आणि शूज कुरकुरतात. ड्रम उघडून साफ करणं सोपं, पण स्प्रिंगा पुन्हा जागेवर बसवणं सरावाचं काम आहे; तिथे आवाजाचं चाक ओळखून मेकॅनिकला सांगावं, एवढं पुरे.

काम झाल्यावर गाडी सुरू करून जागेवरच पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावं. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत आलेला नसतो, आणि पहिल्या दाबाला पाय सरळ तळाला जातो. या एका विसराने गाड्या भिंतीवर गेल्या आहेत. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या आसपास नेऊन मध्यम दाबाने दहा-पंधरापर्यंत वेग उतरवावा, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मध्ये गार व्हायला वेळ देत. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढला की बरीचशी किंचाळी तिथेच संपते. आणि काम गॅरेजमध्ये करून घेतलं असेल तर जुने चारही पॅड मागून घ्यावेत, कुठला कुठे होता ते खडूने पाठीवर लिहून: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. वर्तमानपत्रावर ते रांगेत मांडावेत आणि पट्टीने जाडी मोजावी. चारही सारखे झिजले असतील तर जोडणी मोकळी होती. एका बाजूचे दोन्ही जास्त खाल्ले असतील तर त्या चाकाचा पिस्टन अडकतो आहे. एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा उतरता झाला असेल, तर त्याच चाकाच्या खाचेतला गंज अजून तिथेच आहे, आणि नव्या पॅडची बिलावरची तारीख जपून ठेवावी.